चष्म्यांचा डबा

"चष्मा घरी राहिला," क्लॅरी म्हणाला आणि फॉर्म हळूच मर्व्हकडे परत सरकवला.

हे वाक्य त्याने जन्मभर वापरलं होतं. पोस्टात, दवाखान्यात, मेंढ्या भादरायच्या कामावर कुणी कागद पुढे केला की. समोरचा माणूस कंटाळून स्वतःच वाचून दाखवायचा, नाहीतर शेजारून बायको, नोरीन, म्हणायची, दे इकडे. नोरीनला जाऊन आता सात महिने झाले होते.

जत्रेच्या मैदानामागच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये दर मंगळवारी गावातले म्हातारे जमायचे आणि मोडक्या खुर्च्या नीट करत, एकमेकांची टर उडवत बसायचे. तीन मंगळवार क्लॅरी फाटकापासूनच गाडी वळवून परत गेला होता. आज कसाबसा आत आला, तर कुणी नावसुद्धा न विचारता फळीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. महिनाभरात बोलला नसेल एवढं तो तासाभरात बोलला. फार बरं वाटलं त्याला. आणि आता हा फॉर्म. यंत्रांचे नियम वाचून सही केल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही म्हणे. एकाहत्तर वर्षांच्या घोड्याला वाचता येत नाही, हे इथे कळलं की संध्याकाळपर्यंत गावभर व्हायला कितीसा वेळ?

मर्व्ह या शेडचा कारभारी. आडदांड गडी, जन्म रस्ते सपाट करण्यात गेलेला. त्याने टेबलाखालून बिस्किटांचा एक जुना डबा काढला नि झाकण उघडलं. आत चष्मेच चष्मे.

"लोक विसरून जातात. घाल यातला एखादा."

आली का पंचाईत! क्लॅरीने एक घातला. अक्षरांच्या मुंग्यांचे मुंगळे झाले, बाकी काही नाही. दुसरा घातला, तिसरा घातला. चौथा गुलाबी काड्यांचा, कुणाच्या तरी बायकोचा. रंधा मारणारा डेस तिकडून ओरडला की पोरी मागे लागतील हां. सगळे हसले, क्लॅरीही हसला, पण त्याचे कान तापले होते. आठवा चष्मा घालून त्याने ओळींवरून डोळे डावीकडून उजवीकडे नेले. नोरीन न्यायची तसे, अगदी सावकाश. मर्व्ह बघत होता.

"एकही लागत नाही," क्लॅरी म्हणाला आणि टोपी उचलून उठला. पुढच्या मंगळवारी स्वतःचा आणतो, असंही पुटपुटला. पुढचा मंगळवार येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मर्व्हने डेसला करवत चालू करायला सांगितली. मग क्लॅरीच्या समोर नाही, शेजारी स्टूल ओढलं, त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि त्या घरघरीत, ओळीखाली जाड बोट ठेवून, त्याच्या कानाशी वाचायला लागला. एकेक शब्द. क्लॅरीला वाटलं, आपल्यासाठी सावकाश वाचतोय. पण पाचव्या नियमात मर्व्ह एका लांबलचक शब्दावर अडला, मागे गेला, त्याचे तुकडे पाडून ओठांतल्या ओठांत जुळवू लागला. कपाळावर घाम आला गड्याच्या.

क्लॅरी टक लावून बघत राहिला. छातीवरचं केवढं तरी ओझं सरकलं त्याच्या, आणि डोळे आपोआप भरून आले.

"चहा झाला की मागच्या खोलीत ये," शब्द लागल्यावर मर्व्ह म्हणाला. "आम्ही चौघं बसतो पेपर घेऊन."

"तुला कसं कळलं?"

"वाचता येणारा माणूस तिसऱ्या चष्म्याला थांबतो," मर्व्ह म्हणाला. "मी माझ्या वेळी अख्खा डबा रिकामा केला होता."