पुसली न जाणारी फाइल

नान घेऊन मुनिराने अंगणात पाय टाकला न टाकला, तोच मॉस्कोहून नवऱ्याचा फोन आला.

"शिंप्यांच्या गल्लीत काय काम होतं?" फरिदूनने ना सलाम केला, ना दुआ.

"आपल्या नानवाल्याचा तंदूर बंद होता. म्हणून तिकडच्या दुकानात गेले."

"एवढा वेळ?"

"रांग होती."

"बरं," म्हणून त्याने फोन ठेवला. ते 'बरं' मुनिराला शिवीपेक्षा जास्त झोंबलं. नान आपटायचा नसतो, म्हणून तो तिने जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर अलगद, सुलटा ठेवला आणि चपला आपटल्या.

अंगणातल्या लाकडी तख्तावर सासू जर्दाळूंच्या बिया काढत बसली होती. चुगल्या करणारी हीच, असं मुनिराला वर्षभर वाटत होतं. दुसरं असणार कोण? मुनिरा कुठे गेली, किती वेळ थांबली, सगळं ती घरी पोचायच्या आत मॉस्कोला पोचलेलं असायचं. म्हणून ती सासूशी कामापुरतंच बोलायची.

"वहिनी, फोन आण बघू इकडे," नणंद रुखशोना म्हणाली. ती खुजंदच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती, सुट्टीला घरी आली होती. "दादाने पाठवलेला तो हाच ना?"

फोन चाळता चाळता तिने एका पिवळ्या सूर्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"हवामान. बिघडलंय मेलं. बाहेर बर्फ पडला तरी त्यात आपलं ऊनच."

"हवामान नाही वहिनी हे. तू कुठे आहेस ते दादाला कळवतं."

मुनिराने सासूकडे पाहिलं. सासू खाली मान घालून बिया काढत होती. मुनिराची कानशिलं तापली. नवऱ्याचा राग आला की स्वतःची लाज वाटली, तिचं तिलाच कळेना.

"काढून टाक ते. आत्ताच्या आत्ता."

पण ते निघेल तर शपथ. काढायचं बटणच नव्हतं. मग रुखशोनाने टर्मिनल उघडलं. नुसती काळी पाटी. तिच्यावर हुकूम लिहायचे आणि फोनने ते पाळायचे. तिने लिहिलं, या सूर्याची फाइल पूस.

फोनने कळवलं, फाइल फक्त वाचण्यासाठी आहे.

"म्हणजे काय?"

"म्हणजे बघायचं. हात लावायचा नाही."

"अगं, पण फोन माझा आहे ना!"

"सांग त्याला."

रुखशोनाने हुकूम सोडला, तो कप्पाच लिहिण्यासाठी मोकळा कर. एक अक्षर चुकलं, फोन करवादला. तिने दात ओठ खात सगळी ओळ पुन्हा लिहिली. या वेळी फोनने मानलं. मग परत, पूस.

परवानगी नाही.

"आता आणखी काय धाड भरली त्याला?"

"फाइलीला वेगळं कुलूप घातलंय. कोणालाच पुसता येऊ नये म्हणून. माझा सख्खा भाऊ आहे म्हणून सांगते वहिनी, लहानपणी माझं दप्तरसुद्धा तपासायचा." रुखशोनाने कपाळावरचा घाम पुसला. "कुलूप निघेल. पण हे फोनचं पोट आहे. इथे हात चुकला तर फोन मरेल. आणि नाही चुकला, तरी दादाला कळणारच. त्याला तू दिसायची बंद होशील."

मुनिराला सफिया आठवली. कोपऱ्यावर राहायची, तिला नवऱ्याने फोनवरच तीनदा तो शब्द उच्चारून मोकळं केलं होतं. वसंतात ती दोन पोरं घेऊन माहेरी गेली.

"काढ गं पोरी ते," सासू म्हणाली. तिने हातातल्या जर्दाळूवरची नजर काढली नाही. "फरिदूनच्या बापाने मलाही असंच जगवलं. तेव्हा फोन नव्हते, तर गल्लीतली पोरं मागावर पाठवायचा."

मग रुखशोनाने एकेक अक्षर तपासत कुलूप काढायचा हुकूम लिहिला. त्याखाली पुन्हा लिहिलं, पूस.

फोन काहीच बोलला नाही. काळ्या पाटीवर एक रेघ नुसती लुकलुकत राहिली.

"आता काय झालं?"

"झालं की काम."

"पण हा तर काहीच बोलला नाही."

"चुकलं तरच बोलतो. बरोबर झालं की गप्प."

"तुमच्याच घराण्यातला दिसतोय," मुनिरा म्हणाली, आणि सासू खुदकन हसली.

फोन बंद करून पुन्हा चालू केला. पिवळा सूर्य गेला होता. मुनिराने पियाल्यात चहा ओतला, सासूपुढे धरला, आणि तिथेच तख्ताच्या कडेला टेकून जर्दाळू हातात घेतले. काहीतरी बोलायला हवं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. रुखशोनाने मान वळवली. मुनिराने ओढणीला हात पुसले आणि फोन उचलला.

"कुठे आहेस?" फरिदूनचा आवाज चढलेला होता.

"घरी."

"फोनला काय केलंस?"

"साफ केला."

"मुनिरा, मला शिकवू नकोस. घरी आहेस ना? मग व्हिडिओ लाव. तख्त दाखव, आई दाखव. बघू दे मला."

मुनिराचं बोट सवयीने कॅमेऱ्याच्या चिन्हावर गेलं. तिथेच थांबलं. तीन उन्हाळे झाले, तो घरी आला नव्हता.

"घरीच आहे मी," ती म्हणाली. "येऊन बघा."