चपला काढून

समुद्रात बुडालेल्या सुगतचा कॅमेरा महिन्याने कोकणातून नागपूरला आला. वडिलांनी, नत्थूजींनी, आतला रोल धुऊन आणला.

जुनं देऊळ, दर्गा, चर्च, ज्यूंचं प्रार्थनाघर. प्रत्येक पायरीवर सुगतच्या चपला होत्या.

"बुद्धविहाराचीच सवय," आई प्रेमिलाबाई म्हणाल्या. "चपला काढे, फोटो घेये, मंगच आत जाये. चर्चमधीबी अनवाणीच गेला असंन माहा पोरगा."

शेवटच्या फोटोत त्यांच्याच घराची पायरी होती. सुगत गेल्यानंतर नत्थूजींनी नव्याने बांधलेली. तिच्यावर त्याच चपला होत्या, पाण्याने निथळणाऱ्या.

नत्थूजींनी फोटो प्रेमिलाबाईंपुढे धरला.

"दार उघडा जी," प्रेमिलाबाई हळूच म्हणाल्या. "चपला काढून कवाचा उभा आहे तो."