चार घागरी समुद्र

लोणच्यासाठी आणलेली चिनी मातीची बरणी, अजून कोरी.

ब्रह्मपुरीहून समुद्र: आधी छोटी गाडी, मग मोठी गाडी, मग बोट.

पाणी उडतं, मीठ उरतं. म्हणून रोज खुणेपर्यंत गोडं पाणी घालायचं. खारं नाही.

"कल्हईऽऽ!" गल्लीच्या तोंडाशी नूर मोहम्मद.

देवाचा तांब्या आठ दिवसांत एकदाही घासावा लागला नाही.

गुणाबाई ओसरीवर काचेच्या पेटीसमोर उकिडवी बसली होती. पाणी तापू नये म्हणून पेटीभोवती ओलं पोतं गुंडाळलेलं. समोरची काच तेवढी उघडी. आत चार घागरी समुद्र, त्यात रत्नागिरीचा एक दगड, दगडावर एक फूल. म्हणायचं फूल, पण होता तो जीव. पाण्यात बोटं पसरून डुलायचा, झिंग्याचा तुकडा दिला की मिटायचा. झाडीपट्टीतल्या पोरांनी समुद्र कधी पाहायचा, तर समुद्रानंच शाळेत यावं, म्हणून सोमाजी मास्तरांनी तो आणवला. सुट्टी लागली तशी पेटी घरी आली. आणि मास्तर, गुणाबाईचे यजमान, आठ दिवसांच्या शिबिराला नागपूरला गेले. उद्या परत यायचे होते.

फूल पाच दिवस उघडलं नव्हतं. आज तर दगडाला शेंबूड चिकटावा तसं दिसत होतं. शंखात राहणारा खेकडा शंख सोडून वाळूत उघडाच पडला होता. निळा मासा तेवढा फिरत होता.

कुठं चुकलं? मास्तरांनी सांगितलं तसं काचेवरच्या खुणेपर्यंत गोडं पाणी घातलं, तेही गाळून. पोतं सुकू दिलं नाही. सकाळ-संध्याकाळ पन्नास पन्नास वेळा पेटीतलंच पाणी काढून उंचावरून धार सोडली, पाण्यात हवा जावी म्हणून. हात भरून यायचे. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण आपली एखादी वस्तू तिच्या भरवशावर टाकून मास्तर पहिल्यांदाच गेले होते.

नूर मोहम्मदनं ओसरीच्या कडेला भाता टेकवला. पेटीची पत्र्याची चौकट त्याच्याच हातची.

"भांडे आना, बाई. अन् आपला समुद्र का म्हनते?"

"मरून राह्यला, नूरभाऊ. काऊन मरते, समजत नाई." तिनं पाण्यात तांब्या बुडवला, वर उचलला, धार धरली.

"थांबा. थांबा म्हन्तो ना! तो तांब्या दाखवा मले."

त्यानं तांब्याचं तोंड उन्हाकडे केलं. आतून तो नुकत्या निघालेल्या नव्या पैशासारखा लखलखत होता.

"चिंच लावली का?"

"नाई जी. हातच नाई लावला. आपूनच चमकून राह्यला. मले वाटलं, देवाची कृपा."

"चमक आली म्हंजे वरचं काईतरी निघालं," नूर मोहम्मद म्हणाला. "निघालं ते गेलं कुठी?"

गुणाबाईनं पेटीकडे पाहिलं. पाणी अगदी नितळ होतं.

"कल्हई उडल्या भांड्यात ताक ठेवता का तुमी?"

"कळकते ना, हिरवं होते."

"मंग? आंबटानं कळकते, तसं खारटानंही कळकते. मानसाच्या तोंडात गेलं तं मानूस थुकते. हा बिचारा थुकीन कुठी?"

तिनं त्याच्या हातातून तांब्या काढून घेतला.

"मास्तरांनं माह्याकडून आतून दोनदा डांबर फासून घेतलं. म्हने, पत्रा पान्याले दिसलाबी नाई पायजे. अन् इथी पुरा तांब्याचा तांब्याच बुडवला! कोनं काढला हा देवघरातून?"

गुणाबाईनं पदर सावरला. "मीच. धार धरायचा चिनी पेला फुटला होता ना."

खाटेखाली पेंढ्यात काचेचा बुधला होता. त्यातही समुद्रच. मास्तरांनी अडीअडचणीला राखून ठेवलेला. त्यांना विचारल्याशिवाय त्याला कोणी हात लावत नसे. गुणाबाईनं तो ओढून बाहेर काढला, बूच उपटलं आणि लोणच्याची कोरी बरणी भरली. मग कोपरापर्यंत हात पेटीत घातला आणि तो दगड दोन्ही हातांनी उचलला. बाळंतिणीजवळचं पोर उचलावं तसा. मागून मासा, मागून खेकडा.

"आता धार कशानं धरू?"

नूर मोहम्मदनं चुलीकडे बोट केलं. तिथं नारळाची करवंटी पडली होती. "हे तं त्याच्याच मुलखातलं हाय."

तिनं करवंटी घासून आणली. एक. दोन. तीन.

"आना तो तांब्या, कल्हई करून देतो आतून."

"देवाच्या तांब्याले कल्हई?"

"मंग देवाजवळच राहू द्या त्याले." त्यानं भाता खांद्यावर टाकला. पायरीवरून मागे वळला. "मास्तरांले का सांगान?"

"माह्या हातून झालं म्हनीन."

दुपारभर ती बरणीजवळून हलली नाही. खेकड्याचा शंख तिनं त्याच्या अगदी पुढ्यात ठेवला, दोनदा. त्यानं पाहिलं नाही. ऊन कौलांवरून उतरलं तेव्हा दगडावरच्या त्या गोळ्यातून एक बोट बाहेर आलं. सुतासारखं. ते पाण्यात चाचपडलं आणि तसंच राहिलं. मग दुसरं.

गुणाबाईनं करवंटी खाली ठेवली. तांब्या उचलून देवघरात नेला आणि पालथा घातला.

निघायच्या दिवशी सकाळी पेला मास्तरांच्या हातून फुटला होता, आणि देवघरातला तांब्या उतरवून त्यांनीच तिच्या हातात दिला होता.