शेठचा पाणक्या

"नगरातील दीनदुबळ्यांचे दुःख सरकारच्या कानी घालणे हे विद्वानांचे परमकर्तव्य होय," वामनराव मास्तरांनी कागदावरून वाचून दाखवलं आणि बायकांकडे पाहिलं. बायका मास्तरांच्या मागे पाहत होत्या.

मागे शेठचा पाणक्या उभा होता. अमरावतीच्या कापूस बाजारामागची ही वस्ती. इथल्या हातचं पाणी मास्तरांना चालण्यासारखं नव्हतं, म्हणून कापसाचे व्यापारी शेठ यांनी आपला ब्राह्मण पाणक्या भरल्या कळशीसह सोबत दिला होता. शेठना विद्येची कदर फार.

बायकांतल्या मनकर्णानं सरकी काढायचा रेचा थांबवला. अमेरिकेतल्या लढाईनं कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हापासून शेठच्या विहिरीचं पाणी कापसावर शिंपडायला जाई. भिजला की वजन वाढतं. वस्तीतल्या कोणी तिथं घागर बुडवली तर त्याची झोपडी उठवायची, असा हुकूम होता. पहाटे चोरून भरलेल्या दोन घागरी मनकर्णाच्या पाठीमागे, सरकीच्या ढिगाखाली होत्या.

"बाई, कशाची उणीव आहे ते निर्भयपणे सांगा. मी सरकारात लिहिणार आहे."

"तुमी कोनाचे, मास्तर?"

"कोणाचा नाही. मी शाळेचा."

"अन् हा?" तिनं हनुवटीनं पाणक्या दाखवला.

"तो पाण्यासाठी आहे."

"थेच इचारून राहिली मी."

शेजारची रहिमाबी पुटपुटली, "बता दे ना मनकर्णा. सरकारमें लिखते बोल रहे."

"मंग तू सांग. तुयी झोपडी पयले उठवतीन."

रहिमाबीला एकदम कापसात कचरा दिसला. ती तो वेचू लागली.

मास्तरांनी लेखणी शाईत बुडवली. "पाण्याचं कसं? उन्हाळा कडक आहे."

पाणक्यानं कळशी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"पानी?" मनकर्णाची जीभ टाळूला चिकटत होती. "पानी लय हाय, मास्तर. सांडून राहिलं."

मास्तरांनी 'पाणी मुबलक' असं लिहून खाली रेघ ओढली. त्यांचा चेहरा जरा उतरला. पाण्याच्या दुःखासाठी अख्खं पान कोरं ठेवलं होतं. मग घसा कोरडा पडला म्हणून त्यांनी ओंजळ धरली. पाणक्यानं वरून धार सोडली. बायका धार पाहत राहिल्या.

निघताना पाणक्यानं कळशी हलवून पाहिली. अर्धी उरली होती. ती त्यानं नाक्यावरच्या शेठच्या कापसाच्या बोजावर ओतली.

बोजा मुंबईला जायचा होता.