द्वारकाबाईंचं मत

ग्रामसभा आता घरोघरच्या टीव्हीवर भरायची आणि मत बोलूनच द्यायची रीत होती. गळ्याच्या ऑपरेशननंतर द्वारकाबाई गावड्यांचा आवाज मात्र कायमचा गेला होता. आज गावचा झरा बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याला द्यायचा का, ते ठरणार होतं.

"आवाज ऐकू आला नाही. पुन्हा बोला," टीव्ही तिसऱ्यांदा म्हणाला. मतदान संपायला चार मिनिटं उरली होती.

"आई, माझा आवाज तुमच्या नावावर चालायचा नाही हो," सून मानसी हळहळली.

द्वारकाबाईंनी सुनेचा गेम खेळायचा कंट्रोलर उचलून टीव्हीकडे बोट दाखवलं. मानसीनं तो झटकन जोडला. मधल्या टचपॅडवर बोट फिरताच पडद्यावरच्या 'हो' आणि 'नाही' या शब्दांकडे बाण सरकला. बाण दोनदा 'हो'वर घसरला.

"मी हात धरू?"

त्यांनी मानेनंच नकार दिला. बोट पदराला पुसलं, बाण हळूहळू 'नाही'वर नेला आणि टचपॅड दाबलं.

"द्वारका गावडे, नाही," गावातला प्रत्येक टीव्ही खणखणीत बोलला.

शेजारून कुणीतरी ओरडलं, "अरे, द्वारकाकाकू बोलली!"

झरा गावाकडेच राहिला. संध्याकाळी अर्धांगवायूनं वाचा गेलेल्या एका शेजाऱ्याची लेक कंट्रोलर कसा जोडायचा ते शिकायला आली.