अनुक्रमांक पाच

शेवटचा साधा दिवस गुरुवार होता. विधानसभेच्या मतदानाला सतरा दिवस उरले होते. छापखान्यात तीन उमेदवारांच्या पत्रकांचे गठ्ठे शेजारी शेजारी रचलेले होते, प्रत्येक गठ्ठ्यावरचा पहिला कागद उलटा. ही बाबांची पद्धत. एकाचा माणूस आला तर त्याला दुसऱ्याचा मजकूर दिसता कामा नये.

"आज वकीलबाईंचं काम आलं," मशीनवरचे काका म्हणाले. "पाच वर्षांनी वाट सापडली म्हणायची त्यांना."

"मागचं उकरू नका हो," बाबा म्हणाले.

मागचं म्हणजे मागची निवडणूक. वकीलबाईंच्या पत्रकावर अनुक्रमांक पाचच्या जागी चार छापला गेला होता. चार नंबरच्या अपक्षाला घरचे तरी मत देतील की नाही, अशी शंका होती. त्याला अडीच हजार पडली. वकीलबाई सहाशेनं हरल्या. "नजर चुकली माझी," असं बाबा त्यांच्या घरी जाऊन सांगून आले. गावानं मात्र आपलंच ठरवलं: समोरच्यांनी म्हाताऱ्याला फोडलं.

ते प्रूफ बाबांच्या मुलीच्या हातात होतं. बाबा तापानं आडवे झाले होते, तिला बाहेर जायची घाई होती, आणि तिनं ते न वाचताच मशीनवर दिलं होतं. त्यावर तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं.

दुपारी दोघं नवं प्रूफ घेऊन बसली. यंदाही वकीलबाईंचा अनुक्रमांक पाचच आला होता. ती मोठ्यानं वाचत होती, बाबा मूळ कागदावर बोट फिरवत होते.

"अनुक्रमांक?"

"पाच."

"पुन्हा."

"पाच, बाबा."

"पुन्हा एकदा."

"पाचाचा पाढाच म्हणून घ्या ना तिच्याकडून," काका मशीनमागून म्हणाले. बाबा हसले. चष्मा काढून पुसला. तिला वाटलं, आत्ता सांगावं.

"बाबा, मागच्या वेळी ते प्रूफ..."

"कटिंगची सुरी बोथट झालीय," बाबा म्हणाले. "उद्या धार लावून आणतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

आठवड्याभरानं वकीलबाई पत्रकं न्यायला स्वतः आल्या. सोबत दोन कार्यकर्ते. बाईंनी तिचा हात हातात घेतला. हात उबदार होता आणि त्यांचे डोळे खरोखरच भरले होते.

"तुझे वडील सज्जन होते, बाळ. एकदा पाय घसरला असेल, कुणाचा घसरत नाही? घेतले असतील चार पैसे, अडचणही असेल काही. मी केव्हाच माफ केलंय त्यांना."

"बाईंचं मन मोठं," एक कार्यकर्ता म्हणाला. दुसऱ्यानं गठ्ठा खांद्यावर टाकला.

पहिली खेप गाडीत चढत होती. वकीलबाईंची तीस हजार पत्रकं अजून छापायची होती आणि समोरच्या रस्त्यावर दुसरा छापखाना होता. मशीनपाशी उभ्या काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली: नको.

"येते मी," वकीलबाई म्हणाल्या. "उरलेली सोमवारी पाठव."

ती मशीनपाशी गेली आणि बटण बंद केलं. चालत्या मशीनवर आवाज चढवून बोलायची सवय असलेल्या त्या खोलीत एकदम इतकी शांतता झाली, की दारातला कार्यकर्ताही गठ्ठा घेऊन तसाच थांबला.

"त्यांना माफी नकोय," ती म्हणाली. "त्यांनी कुणाकडून काही घेतलं नव्हतं. ते तापानं झोपून होते. प्रूफ माझ्याकडे होतं. मी ते वाचलं नाही, नुसती खाली त्यांची सही ठोकली. तुमची आमदारकी माझ्यामुळे गेली."

वकीलबाईंनी काकांकडे पाहिलं. काका खाली पाहत होते.

"मग त्यांनी ते आपल्या अंगावर का घेतलं?" त्यांनी विचारलं. आवाज आता कोर्टातला होता. "पाच वर्षं लोक काय काय बोलत होते. तुला एकदा तरी विचारलं असेल ना त्यांनी?"

"नाही विचारलं," ती म्हणाली. "बरे झाल्यावर तो सहीचा कागद त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. मला म्हणाले, 'माझ्यापेक्षा बरी सही करतेस.' बस, एवढंच. आणि मी तेव्हाही गप्प बसले."