भाऊंच्या गळ्यातला हार

नागपुरातल्या आमच्या वस्तीचा अख्खा तलाव जलपर्णीनं गिळला. मासेमार हेमराजचा डोंगा पोळ्यापासून काठावर उलटा पडून आहे, जाळ्यात उंदरांनी बाळंतपणं उरकली. नगरसेवक भाऊंचं मात्र एकच पालुपद, "काढूनच राहिलो ना गा!"

शेवटी भाऊंच्या वाढदिवसाला हेमराजनं भर मंडपात त्याच जलपर्णीच्या जांभळ्या फुलांचा हार त्यांच्या गळ्यात घातला.

"वा! कोन्या नर्सरीतून आनला गा?"

"नर्सरी काहून लागते, भाऊ? तुमच्याच कृपेनं अख्खा तलाव फुलून राहिला."

आता तरी भाऊंना लाज वाटेल, असा बिचाऱ्याचा समज.

* * *

आठ दिवसांत तलावावर भाऊंच्या हसऱ्या फोटोचा फलक लागला: 'भाऊ पुष्प-सरोवर. येथे फुले तोडण्यास व डोंगा चालवण्यास सक्त मनाई आहे.'